सेन्सर हात सावरतो, नवरदेवाला नाही

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत कॅमेऱ्यातील आणि मोबाइलमधील ‘स्टॅबिलायझेशन’विषयी, म्हणजे हाताची थरथर सावरणाऱ्या तंत्राविषयी, आलेला लेख वाचला. विषय निवडल्याबद्दल आधी आभार मानतो, कारण मेगापिक्सेलच्या पलीकडे जाऊन कॅमेऱ्याविषयी मराठीत फारसे कोणी लिहीत नाही. मात्र ‘सेन्सर हलवणारे कॅमेरे आल्यामुळे हललेले फोटो आता इतिहासजमा झाले’ हे लेखातील विधान आणि त्याच पानावर ‘आठ स्टॉप’ असा ठळक आकडा मिरवणारी जाहिरात, ही दोन्ही एकापाठोपाठ वाचली आणि हे पत्र लिहिणे भाग पडले. यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर तालुक्यात माझा फोटो स्टुडिओ आहे. साक्षगंध, लग्न, बारसे, शाळांची स्नेहसंमेलने आणि मधूनमधून शंकरपट (बैलजोड्यांची शर्यत), या कामांवर घर चालते. आमच्या भागातील अनेक तरुण कापसाचे पैसे हाती आले की किंवा हप्त्यांवर पहिला कॅमेरा घेतात, आणि तो घेताना असल्या आकड्यांवर विसंबतात. त्यांच्या दृष्टीने या तंत्राचे खरे मोल किती आणि कुठे, हे थोडे सविस्तर मांडू द्यावे, ही विनंती.

तंत्र निःसंशय विलक्षण आहे. शटर उघडे असेपर्यंतच्या वेळात हात किंचित जरी कलला, तरी लेन्समधून आलेली प्रतिमा सेन्सरवर, म्हणजे रिळाच्या जागी बसून ती टिपणाऱ्या पट्टीवर, सरकते आणि एका बिंदूऐवजी रेघ उमटते. किती सरकते, याचा हिशोब कोणालाही करता येईल. ३०० मिलिमीटरच्या लेन्सवर कॅमेरा अंशाच्या फक्त दहाव्या भागाइतका कलला, तर प्रतिमा सुमारे अर्धा मिलिमीटर सरकते. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम (रिळाच्या चौकटीएवढ्या) सेन्सरवर एका पिक्सेलची रुंदी साधारण ०.००६ मिलिमीटर असते, म्हणजे तो अर्धा मिलिमीटर ऐंशीहून अधिक पिक्सेल ओलांडून जातो. तेवढाच कल ५० मिलिमीटरच्या लेन्सवर चौदा-पंधरा पिक्सेलइतका दिसतो. ‘जितक्या मिलिमीटरची लेन्स, सेकंदाच्या तितक्याव्या भागाहून शटर मंद ठेवू नये’, हा रिळाच्या काळापासूनचा नियम याच हिशोबातून आलेला आहे. लेन्स लांब झाली की हाताचा दोषही तितकाच मोठा होतो.

सेन्सर हलवणाऱ्या कॅमेऱ्यात हा दोष त्याच क्षणी दुरुस्त केला जातो. कॅमेऱ्याच्या आत जायरो सेन्सर असतात. कॅमेरा वर-खाली, डावी-उजवीकडे किंवा घड्याळाच्या काट्यासारखा गोल किती वेगाने फिरतो आहे, ते हे जायरो सतत मोजत असतात. कॅमेरा सरळ रेषेत सरकला तर ते ओळखायला वेगळे त्वरणमापक असतात. ही मापे घेऊन कॅमेऱ्याचा प्रोसेसर प्रतिमा आता किती आणि कुठे सरकेल याचा अंदाज बांधतो आणि सेन्सरलाही तिच्यामागोमाग तेवढाच सरकवतो. सेन्सर पक्का बसवलेला नसतो. तारेची वेटोळी आणि चुंबके यांच्या ओढाताणीवर तो जवळजवळ तरंगत असतो, आणि तो या घडीला नेमका कुठे आहे ते सांगायला हॉल सेन्सर नावाचे आणखी लहान घटक असतात. मोजणे, हिशोब करणे, सरकवणे आणि सरकला की नाही ते तपासणे, हे सगळे एका सेकंदात शेकडो-हजारो वेळा घडते. इतकी बारीक यंत्रणा तळहाताएवढ्या कॅमेऱ्यात बसवणाऱ्या अभियंत्यांना माझ्यासारख्या कारागिराचा मनापासून नमस्कार आहे. तक्रार त्यांच्याविषयी नाही, त्यांच्या कामाचा जो गाजावाजा खाली पोचतो त्याविषयी आहे.

लेखात हे तंत्र ‘अगदी नवे’ म्हटले आहे, तेही तपासून घ्यायला हवे होते. मिनोल्टा कंपनीचा डायमाज ए१ हा सेन्सर हलवणारा कॅमेरा २००३ साली आला. लेन्स बदलता येणाऱ्या डिजिटल कॅमेऱ्यात ही सोय २००४ मध्ये कोनिका मिनोल्टाच्या ७डी या मॉडेलने आणली. दोनच वर्षांनी ही कंपनी कॅमेऱ्याच्या धंद्यातून बाहेर पडली आणि तिचा वारसा सोनीकडे गेला. त्याच २००६ मध्ये सोनीचा अल्फा १०० आणि पेंटॅक्सचा के१००डी हे सेन्सर हलवणारे कॅमेरे बाजारात होते. कॅनन आणि निकॉन या दोन मोठ्या कंपन्यांनी मात्र बरीच वर्षे दुसरा मार्ग धरला. त्यांनी सेन्सरला हात न लावता लेन्समधलाच काचेचा एक गट हलवला. कॅननची तशी पहिली लेन्स, ७५-३०० मिलिमीटरची, १९९५ मध्ये आली. तेव्हा जमाना रिळाचा होता आणि कॅमेऱ्यात ताणून बसवलेली फिल्म कोणी हलवणार नव्हते, त्यामुळे लेन्सचाच मार्ग मोकळा होता. पाचही प्रकारची हालचाल (तीन दिशांनी फिरणे, आणि वर-खाली व डावी-उजवीकडे सरकणे) सावरणारा सेन्सर २०१२ मध्ये ऑलिंपसच्या ई-एम५ मध्ये आला, २०१८ मध्ये निकॉनने झेड ६ आणि झेड ७ मध्ये तो स्वीकारला आणि २०२० मध्ये कॅननने आर५ आणि आर६ मध्ये. जाहिरातींतला ‘आठ स्टॉप’ हा आकडा याच शेवटच्या टप्प्यावरचा आहे. कॅमेऱ्याचा सेन्सर आणि लेन्समधली काच या दोहोंनी मिळून काम केले, आणि तेही ठरावीक लेन्स लावलेली असली, तर तो मिळतो. साध्या लेन्सवर तितका मिळेलच असे कंपनीही म्हणत नाही. तिचे शब्द ‘आठपर्यंत’ असे असतात, आणि ते ‘पर्यंत’ जाहिरातीत बारीक अक्षरांत जाते.

आता ‘स्टॉप’ म्हणजे काय, ते पाहू. एक स्टॉप म्हणजे शटरची वेळ दुप्पट. पन्नासाव्या भागाला स्थिर राहणारा हात एका स्टॉपच्या मदतीने पंचविसाव्या भागाला स्थिर राहतो, दोन स्टॉपने साधारण बाराव्या भागाला, आणि आठ स्टॉप म्हणजे २५६ पट, अर्थात जवळपास पाच सेकंद. हे आकडे ठरवण्यासाठी जपानमधील कॅमेरा उत्पादकांच्या ‘सिपा’ या संघटनेने पद्धत नेमून दिलेली आहे. कॅमेरा हलत्या मंचावर ठेवतात, त्याला हाताच्या थरथरीसारखे ठरावीक कंपन देतात आणि समोरच्या स्थिर तक्त्याचे फोटो तपासतात. पद्धत प्रामाणिक आहे, त्यामुळे दोन कॅमेऱ्यांची तुलना तरी करता येते. पण समोर स्थिर तक्ता असतो, हे विसरून कसे चालेल? आमच्यासमोर तक्ता नसतो. आमच्यासमोर वरमाला घेऊन उभी असलेली नवरी असते, तिला खांद्यावर उचलून घेण्याच्या तयारीत असलेला मामा असतो आणि मंगलाष्टके संपण्याआधीच अक्षता उधळणारी शंभर पोरे असतात.

माणूस साध्या चालीने चालला तरी सेकंदाला सव्वा मीटरच्या आसपास जातो. शटर पंधराव्या भागाइतके उघडे राहिले, तर तेवढ्या वेळात तो आठ सेंटिमीटर, म्हणजे चार बोटांच्या रुंदीइतका पुढे सरकलेला असतो. कॅमेऱ्याने हात कितीही सावरला तरी हे आठ सेंटिमीटर फोटोत उमटणारच. उलट मांडवाचे खांब, मागचा पडदा, फुलांच्या माळा असे सगळे चाकूने कापल्यासारखे स्वच्छ येते आणि नवरदेवाचा चेहरा तेवढा पुसट. असा फोटो घरच्यांना दाखवला की ते म्हणतात, ‘भाऊ, डेकोरेशन मस्त आलं.’ त्यात सगळे आले.

म्हणून आमच्याकडच्या गोरज मुहूर्तावरच्या लग्नात, जिथे मंडपात उजेड यथातथाच असतो, तिथे शटर दोनशेपन्नासाव्या भागाच्या आसपास ठेवावेच लागते. चालता माणूस त्या वेळात अर्धा सेंटिमीटरच सरकतो आणि फोटो कामाचा राहतो. हे शटर मिळवायचे तर प्रकाश हवा, आणि सेन्सर कितीही हलला तरी प्रकाशाचा एक कणही वाढत नाही. प्रकाश वाढतो तो फ्लॅशने किंवा लेन्सच्या तोंडाने. कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या झूम लेन्सचे तोंड लांब टोकाला एफ ५.६ इतकेच उघडते (हा आकडा जितका लहान, तितके तोंड मोठे). ५० मिलिमीटरची एफ १.८ ही साधी, हलकी, अजूनही परवडणारी लेन्स तिच्यापेक्षा तीन स्टॉपहून अधिक प्रकाश आत घेते. हे तीन स्टॉप नवरदेवालाही लागू पडतात, मामालाही आणि हवेतल्या अक्षतांनाही. ज्या तरुणाने नवा कॅमेरा बॉडीतल्या (लेन्स वगळून उरलेल्या कॅमेऱ्यातल्या) स्टॅबिलायझेशनसाठी कर्ज काढून घेतला आणि लेन्स मात्र जुनी एफ ५.६ चीच ठेवली, त्याची नाकापेक्षा मोती जड अशी गत होते. आधी लेन्स आणि फ्लॅश घ्यावा, मग जमेल तेव्हा सेन्सर हलवणारी बॉडी, असा सल्ला मी विचारणाऱ्याला देतो. आपल्या लेखात नेमका उलटा क्रम सुचवला आहे.

शंकरपटाचे उदाहरण याहून स्पष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये घातलेली बंदी उठून शर्यतींना पुन्हा परवानगी मिळाल्यापासून विदर्भात पट पुन्हा भरू लागले आहेत, आणि तळेगाव दशासरसारख्या ठिकाणी तर राज्यभरातून छायाचित्रकार येतात. धावत्या बैलजोडीचे खूर आणि उडालेली माती थांबलेली दाखवायची तर शटर हजाराव्या भागाहून जलद लागते. तिथे हाताची थरथर मुळात दिसतच नाही, त्यामुळे स्टॅबिलायझेशन असले काय आणि नसले काय. दुसरी पद्धत म्हणजे शटर साठाव्या भागाला ठेवून जोडीबरोबर कॅमेरा फिरवणे, म्हणजे जोडी स्पष्ट येते आणि मागची गर्दी रेघारेघांची होते. इथे तर हे तंत्र आडवेच येऊ शकते. आपण मुद्दाम कॅमेरा आडवा फिरवतो आणि ते बिचारे तो हाताचा दोष समजून परत ओढू पाहते. बऱ्याच लेन्सना यासाठी वेगळी कळ असते, तिने आडवी दुरुस्ती बंद होते आणि फक्त वर-खालची चालू राहते. काही नव्या बॉडी ही फिरवाफिरव आपोआप ओळखतात. पण कळ कुठे आहे आणि ती कधी फिरवायची, हे दुकानदार सांगत नाही आणि माहितीपुस्तिका कोणी उघडत नाही.

मग या तंत्राचा उपयोग खरोखर कुठे होतो? जिथे समोरचे स्थिर आहे आणि प्रकाश कमी आहे, तिथे पुरेपूर होतो. हेमाडपंती देवळाच्या गाभाऱ्यातली मूर्ती, जुन्या वाड्यातल्या खांबांवरचे कोरीव काम, रात्री दिव्यांत उजळलेले गावचे मंदिर, असे विषय ट्रायपॉडशिवाय टिपता येतात, आणि गर्दीच्या जत्रेत ट्रायपॉड मांडायला जागा नसते तेव्हा ही सोय फार मोलाची ठरते. जुन्या, हाताने फोकस करायच्या लेन्स वापरणाऱ्यांना तर सेन्सर हलवण्याचा मार्गच उपकारक आहे, कारण चाळीस वर्षांपूर्वीच्या काचेत कोणतीही मोटार नसली तरी बॉडी तिला सावरते. अट एकच. ती लेन्स किती मिलिमीटरची आहे ते कॅमेऱ्याच्या मेनूत आपण भरून द्यावे लागते, कारण जुनी लेन्स ते स्वतः सांगू शकत नाही आणि प्रतिमा किती सरकेल याचा सगळा हिशोब त्याच आकड्यावर उभा असतो. २०० ची लेन्स लावून मेनूत ५० राहिले, तर दुरुस्ती चौथाईच होते. ५० ची लावून २०० राहिले, तर सेन्सर गरजेच्या चौपट पळतो आणि फोटो बंद ठेवल्याहून वाईट येतो. नागपूरच्या सीताबर्डीतून जुन्या लेन्स आणणाऱ्या मित्रांनी एवढे जरूर ध्यानात ठेवावे.

जंगलातले चित्र मिश्र आहे. टिपेश्वर आमच्या शेजारी, ताडोबाही एका दिवसात जाऊन येण्यासारखे. पाणवठ्याशी निवांत बसलेली वाघीण हा स्टॅबिलायझेशनसाठी आदर्श विषय आहे. पण तिथे ४०० किंवा ६०० मिलिमीटरची लेन्स असते, आणि वर सांगितलेल्या हिशोबाने प्रतिमेची सरक इतकी मोठी होते की तिच्यामागे धावायला सेन्सरला जागा अपुरी पडते. सेन्सर फार तर काही मिलिमीटर हलू शकतो. म्हणून लांब लेन्सवर काचेचा गट हलवणारे लेन्समधले स्टॅबिलायझेशनच अधिक कामाचे ठरते. कॅमेरा गोल फिरण्याचा दोष तेवढा लेन्सला दुरुस्त करता येत नाही, तो सेन्सरच करू जाणे. दोन्ही असलेली जोडी उत्तम, पण तिची किंमत आमच्या आवाक्याबाहेरची. जिप्सीचे इंजिन चालू असताना जे कंपन येते त्यावर सगळ्यात स्वस्त आणि खात्रीचा इलाज म्हणजे इंजिन बंद करायला सांगणे आणि लेन्सखाली सरकीने भरलेली पिशवी ठेवणे. सरकी आमच्याकडे घरोघर असते, आणि ती पिशवी कोणत्याही कंपनीच्या लेन्सला चालते.

व्हिडिओविषयी लेखात दोनच ओळी आहेत, पण लग्नाच्या कामात निम्मा पैसा व्हिडिओचा असतो. वरातीत डीजेच्या मागेपुढे चालत शूटिंग करताना सेन्सरची हालचाल पावलांचा धक्का पूर्ण शोषू शकत नाही, कारण पाऊल टेकल्यावर कॅमेरा जितका खाली-वर होतो तितका प्रवास सेन्सरकडे नसतो. रुंद दृश्य टिपणारी लेन्स लावली असेल तर चित्राचा मध्य स्थिर आणि कोपरे मात्र जेलीसारखे लपलपतात. उभे राहून, संथपणे कॅमेरा फिरवत घेतलेल्या दृश्यांना सेन्सरची मदत सुंदर होते. चालतीला अजून गिंबलच लागतो, ज्यात मोटारी सेन्सरला नव्हे तर अख्ख्या कॅमेऱ्याला फिरवतात. त्यातही आमच्याकडची लग्ने एप्रिल-मेमध्ये, पारा पंचेचाळिसाला टेकलेला असताना, पत्र्याच्या सभामंडपात. तरंगत्या सेन्सरची उष्णता बाहेर काढणे पक्क्या बसवलेल्या सेन्सरपेक्षा अवघड जाते, आणि लांब रेकॉर्डिंगमध्ये कॅमेरा तापून मध्येच बंद पडण्याचा अनुभव या भागातल्या बहुतेक व्हिडिओवाल्यांना आहे. सप्तपदी सुरू असताना कॅमेऱ्याने डोळे मिटले, तर ती पुन्हा घालायला कोणी सांगत नाही.

आता मोबाइलकडे वळतो, कारण वाचकांपैकी बहुतेकांचा कॅमेरा तोच आहे. मोबाइलच्या खोक्यावर ‘स्टॅबिलायझेशन’ एवढा एकच शब्द लिहून तीन अगदी वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. पहिली, लेन्स हलवणारी. दुसरी, सेन्सर हलवणारी, जी ॲपलने २०२० मध्ये आयफोन १२ प्रो मॅक्समध्ये आणली आणि पुढच्या वर्षी आयफोन १३ च्या सर्व मॉडेलांत दिली. सेन्सर लेन्सपेक्षा हलका असल्याने तो सेकंदाला पाच हजार वेळा जागा बदलू शकतो, असा त्या कंपनीचा दावा आहे. तिसरी, इलेक्ट्रॉनिक, ज्यात प्रत्यक्ष काहीच हलत नाही. चित्राच्या कडा कापून उरलेली चौकट सॉफ्टवेअरने मागेपुढे सरकवली जाते. व्हिडिओत भरपूर उजेड असेल तर ही तिसरी पद्धतही चांगली दिसते. पण प्रत्येक चौकट टिपली जात असतानाच जो धूसरपणा येतो तो कापाकापीने जात नाही. त्यामुळे रात्री घेतलेल्या व्हिडिओत चौकट स्थिर आणि दिवे मात्र धडधडल्यासारखे फुगताना-आक्रसताना दिसतात. साध्या फोटोला तर या तिसऱ्या प्रकाराचा जवळजवळ उपयोगच नाही. स्वस्त फोनमध्ये बहुधा हाच प्रकार असतो, आणि ग्राहकाला ते विकत घेतल्यावर कळते, किंवा कळतच नाही.

शेतकरी बांधवांच्या कामाचेही यात काही आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली, आणि तेव्हापासून वावरात उभे राहून मोबाइलने पिकाचा फोटो काढणे हे सातबाऱ्याशी जोडलेले काम झाले. पिकाच्या नुकसानीचे फोटो लागतात, गुलाबी बोंडअळीचा फोटो कृषी खात्याच्या कर्मचाऱ्याला पाठवायचा असतो. फोटो अस्पष्ट आला की ‘महागडा फोन घ्या, स्टॅबिलायझेशनवाला’ असा सल्ला मिळतो. हा सल्ला बहुतेक वेळा चुकीचा आहे. भर उन्हात मोबाइलचा कॅमेरा स्वतःहूनच हजाराव्या भागाहून कितीतरी जलद शटर लावतो, आणि त्या वेगाला हाताची थरथर फोटोत उतरूच शकत नाही. धुऱ्यावरून घेतलेला दुपारचा फोटो अस्पष्ट आला, तर कारण घामेजल्या बोटांनी माखलेली लेन्स असते, किंवा फोकस भलत्याच पानावर बसलेला असतो. शर्टाच्या टोकाने लेन्स पुसणे आणि बोट ठेवून फोकस निवडणे एवढ्याने काम होते, त्याला पैसे पडत नाहीत.

बोंडअळीची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि तिथे पाच प्रकारची हालचाल सावरणाऱ्या सेन्सरची मर्यादा उघडी पडते. पऱ्हाटीचे हिरवे बोंड फोडून आतली अळी दाखवायची तर मोबाइल अगदी चार-पाच इंचांवर न्यावा लागतो. इतक्या जवळून कॅमेरा कलण्यापेक्षा तो सरकण्याचा दोष मोठा ठरतो. वर-खाली आणि डावी-उजवीकडे सरकणे त्वरणमापक ओळखतात आणि सेन्सर ते काही अंशी सावरतो. पण सहावी हालचाल, पुढे-मागे होण्याची, कोणताही हलता सेन्सर सावरत नाही, कारण तो बाजूला सरकू शकतो, पुढे-मागे जाऊन फोकस राखू शकत नाही. एका हातात फोडलेले बोंड आणि दुसऱ्या हातात मोबाइल असला की दोन्ही हात श्वासागणिक एकमेकांकडे येत-जात राहतात आणि अळीचे गुलाबी पट्टे धूसर होतात. बोंड धुऱ्यावरच्या दगडावर किंवा बंडीच्या फळीवर ठेवावे, मोबाइलचा हात त्याच फळीला टेकवावा, थोडे लांबूनच फोटो घ्यावा आणि नंतर तो कापून मोठा करावा. दहा हजारांचा फोनही मग अळीचे डोके ओळखू येईल इतके दाखवतो.

आणखी एक गोष्ट, जिच्याविषयी लेखात अवाक्षरही नाही, ती म्हणजे मोटारसायकल. हँडलला मोबाइल अडकवून रस्ता बघत जाण्याची पद्धत आता खेड्यापाड्यांत रुळली आहे. घरपोच माल पोचवणारे, जनावरांचे डॉक्टर, बँकेचे वसुलीवाले, सगळे तेच करतात. ॲपलने सप्टेंबर २०२१ मध्ये आपल्या ग्राहकांना जाहीरपणे सांगितले की मोठ्या ताकदीच्या मोटारसायकलच्या इंजिनाची कंपने हँडलमधून सतत पोचत राहिली, तर लेन्स किंवा सेन्सर हलवणाऱ्या कॅमेऱ्याची कामगिरी बिघडू शकते, आणि स्कूटर-मोपेडवरही कंपन शोषणारा धारक वापरावा. ज्या यंत्रणेचे कामच मुळी बारीक कंपने ओळखून हलणे आहे, तिला तासन्‌तास इंजिनाच्या थरथरीला बांधून ठेवले तर ती बिघडू शकते. असा बिघडलेला फोन कॅमेरा उघडताच घरघरतो किंवा चित्र आपोआप नाचते, आणि दुरुस्तीत बहुधा कॅमेऱ्याचा पूर्ण भागच बदलावा लागतो. महाग स्टॅबिलायझेशनचा फोन घेऊन तो आमच्या रस्त्यांवर हँडलला टांगणाऱ्याला हे आधी कोणीतरी सांगायला हवे, आणि वर्तमानपत्राइतके दूरवर पोचणारे दुसरे साधन खेड्यात नाही.

जुनी बॉडी विकत घेणाऱ्यांसाठी थोडे लिहितो, कारण आमच्याकडचा निम्मा व्यवहार जुन्या कॅमेऱ्यांचा आहे. कॅमेरा बंद असताना हलवल्यावर आतून खडखड ऐकू येते, म्हणून चांगली बॉडी नाकारणारे मी पाहिले आहेत. अनेक मॉडेलांत वीज बंद असताना सेन्सर मोकळाच असतो, तेव्हा तो आवाज बिघाडाचा नसतो. खरी परीक्षा कॅमेरा चालू करून घ्यावी. भिंतीवरचे कॅलेंडर समोर धरून, ५० च्या लेन्सने, शटर आठव्या भागाला ठेवून, आधी स्टॅबिलायझेशन बंद करून आणि मग चालू करून काही फोटो काढावेत, आणि तारखांचे आकडे मोठे करून पाहावेत. चालू असताना बहुतेक फोटो स्पष्ट यायला हवेत. दोन्हींत फरकच दिसला नाही किंवा चालू केल्यावर एक कोपरा सतत तिरका येऊ लागला, तर विक्रेता कितीही ओळखीचा असो, पैसे खिशातच राहू द्यावेत. अशा बॉडीची दुरुस्ती तालुक्याला होत नाही. ती नागपूरला, आणि कित्येकदा तिथूनही पुढे पाठवावी लागते, आणि हंगाम तेवढ्यात निघून जातो.

आपल्याकडे दोन विनंत्या आहेत. पुरवणीत कॅमेरा किंवा मोबाइलचे परीक्षण छापताना स्टॅबिलायझेशन तीनपैकी कोणत्या प्रकारचे आहे, ते आणि स्टॉपचा आकडा कोणत्या लेन्ससोबतचा आहे, ते लिहिण्याचा दंडक लेखकांना घालून द्यावा. आणि त्याच परीक्षणात एक फोटो स्थिर वस्तूचा आणि एक चालत्या माणसाचा, दोन्ही संध्याकाळच्या मंडपातल्या उजेडात काढलेले, शेजारी शेजारी छापावेत. मंडप, उजेड आणि चालती माणसे आमच्याकडे मुबलक आहेत. हंगामात आपला प्रतिनिधी पाठवल्यास त्याची सोय मी करीन.

आपला नम्र,
एक स्टुडिओचालक
ता. केळापूर, जि. यवतमाळ